मधल्या वेळेतली माणसं



मागच्या वेळी पापडाच्या आणि पिठाच्या मर्यादेबद्दल लिहिलं होतं आणि आज एकदम बीटल्स! हसू नका. शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल की मी आपल्याच घरातलं लिहिते आहे.

सुट्टीत नातू आला होता. वय वर्षं तेरा. सध्या ड्रम शिकतोय, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातल्या एकाही डब्याला शांतता नाही. एका संध्याकाळी आमची जेवणं सूर्यास्ताआधी उरकली, मी मंदिरात जाऊन आले, तर हा टीव्हीसमोर डिस्क लावून बसलेला. "आजी, बस ना. जगातला सगळ्यात गाजलेला कार्यक्रम आहे." मी निवडायला गहू घेऊन बसले. हात रिकामा ठेवून टीव्ही बघायची मला अजूनही सवय नाही.

कार्यक्रमाचं नाव 'द एड सलिव्हन शो'. आपल्या शाळेत जसं विविध गुणदर्शन असायचं, तसा प्रकार. अमेरिकेत दर रविवारी रात्री आठ वाजता सीबीएस वाहिनीवर लागायचा, 1948 ते 1971 अशी तब्बल तेवीस वर्षं. गाणं, नकला, कसरती, जादू, नाटकातला प्रवेश, घरातल्या प्रत्येकाला काही ना काही. गंमत म्हणजे सलिव्हन स्वतः कलाकार नव्हते, वर्तमानपत्रात सदर लिहिणारे गृहस्थ. उभे राहायचे तेही अवघडून, जणू शर्टाला इस्त्री करताना हँगर आतच राहिला आहे. पण कुणाला बोलवायचं याची पारख मोठी. 1963 च्या ऑक्टोबरमध्ये ते लंडनच्या विमानतळावर होते. तिथे परदेश दौऱ्याहून परतणाऱ्या चार मुलांना बघायला झालेली गर्दी त्यांनी पाहिली आणि चौकशी केली.

तीच ही मुलं. जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो. 9 फेब्रुवारी 1964 रोजी न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून ती पहिल्यांदा अमेरिकेतल्या घराघरांत दिसली. मी तेव्हा चार वर्षांची. आपल्याकडे टीव्ही म्हणजे काय हे माहीतच नव्हतं, मुंबईतसुद्धा तो 1972 साली आला.

मी कॉमर्सची, त्यामुळे आकडे आधी डोक्यात बसतात. स्टुडिओत खुर्च्या 728 आणि तिकिटासाठी अर्ज 50 हजार. घरोघरी बघणारे 7 कोटी 30 लाख, म्हणजे त्या वेळच्या अमेरिकेतल्या दर पाच माणसांमागे जवळजवळ दोन. आणि मानधन? तीन कार्यक्रमांचे मिळून 10 हजार डॉलर. मोठ्या कलाकारांच्या मानाने कमीच. पण त्यांचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाईन धंद्यात मुरलेले. पैशाला ते फार अडून बसले नाहीत, मागितली ती जागा. नाव सगळ्यात वर हवं आणि मुलं कार्यक्रमात सुरुवातीलाही यायला हवीत, शेवटाकडेही. वहीखात्यात न दिसणारी हीच खरी कमाई.

पडद्यावर चौघं आले आणि मुलींनी जो आरडाओरडा केला, तो ऐकून गव्हाचं ताट माझ्या हातात हललं. चौघंही पंचविशीच्या आतले, सूट-टाय घातलेले. नीट बघितलं तर अगदी घरंदाज दिसत होते, फक्त केस तेवढे वाढलेले. मधल्या एका संथ गाण्यात एकेकाचं नाव पडद्यावर उमटत होतं. जॉनच्या नावाखाली तर लिहिलं होतं की मुलींनो, माफ करा, याचं लग्न झालंय! मी हसले. नातू म्हणाला, "जॉर्जचा घसा धरला होता, तो सरावालासुद्धा नव्हता." पण दिसत तर काही नव्हतं. हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवून तयार झालेली मुलं ती. रियाज असला की दुखणं झाकतं.

अडीच महिन्यांपूर्वीच त्या देशाने आपला तरुण राष्ट्राध्यक्ष, केनेडी, गमावला होता. दुखवट्यातल्या घरात लहान मूल दुडदुडत यावं तसं झालं असणार.

तीन गाणी झाली आणि नातवाने रिमोट उचलला. "आता शेवटची दोन गाणी. मधलं सगळं फालतू आहे आजी, पुढे ढकलतो."

मी म्हटलं, "थांब. मधे कोण आहे ते तरी बघू."

का म्हटलं कोण जाणे. पण त्या 'मधल्या'साठीच हा लेख लिहायला बसले आहे.

लगेच आला फ्रेड कॅप्स, हॉलंडचा जादूगार. जादूगारांची जागतिक स्पर्धा तीनदा जिंकलेला माणूस. पत्ते झाले आणि मग त्याने मुठीतून मीठ सोडलं, ते संपेचना! मिठाची बरणी भरणाऱ्या बाईला त्यातलं कौतुक विचारा. पण त्या सभागृहातल्या मुलींचं लक्ष कुठे होतं? मग 'ऑलिव्हर' नाटकातली मंडळी आली. त्यांच्यातला एक पोरगा डेव्ही जोन्स. बाजूला उभा राहून त्याने बीटल्सना बघितलं आणि आपल्यालाही असंच व्हायचं हे मनाशी ठरवलं. दोनच वर्षांनी तो 'मंकीज' नावाच्या बँडमध्ये गाजला. मग एक नकलाकार, मग एक गाणारी धिप्पाड हसरी बाई. आणि बीटल्स दुसऱ्यांदा यायच्या लगेच आधी एक तरुण जोडपं आलं, चार्ली ब्रिल आणि मिट्झी मॅकॉल.

तो सिनेमासाठी नट्या निवडायला बसलेला साहेब, आणि एकामागून एक येणाऱ्या तऱ्हेतऱ्हेच्या बायका ती. खूप धावपळ, खूप बोलणं. आणि समोर हसू नाहीच म्हणावं इतकं. मला इंग्रजी पटकन कळत नाही, पण न रंगलेला प्रवेश कळायला भाषा लागत नाही. ती बाई ज्या घाईने पुढचं वाक्य धरत होती, ते बघून माझ्या पोटात कालवलं.

नातवाला म्हटलं, "यांचं पुढे काय झालं ते शोध." त्याने फोनवर शोधून वाचून दाखवलं. नवराबायको. आयुष्यातली मोठी संधी म्हणून हा कार्यक्रम मिळालेला. प्रवेश घोटून बसवलेला. आणि त्या दिवशी रंगीत तालीम झाल्यावर सलिव्हननी त्यांना बोलावून सांगितलं की आज समोर सगळी चौदा-पंधरा वर्षांची पोरं आहेत, तुमचं हे त्यांना कळणार नाही, बदला. थेट प्रक्षेपण काही तासांवर! दोघांनी इकडचं तिकडे केलं, कापलं, जोडलं आणि 7 कोटी लोकांसमोर उभे राहिले. ज्या रात्रीने चार जणांना जगात नेलं, त्याच रात्री त्याच मंचावर हे दोघं आपटले. पुढे कित्येक वर्षं त्यांनी ती फीत बघितलीसुद्धा नाही.

मी गव्हाचं ताट खाली ठेवलं. मला काय आठवलं, ते आता सांगते.

सव्वीस वर्षं झाली. दशलक्षण पर्वातल्या सांस्कृतिक कार्यक्रमात मी आणि माझ्या धाकट्या जावेने राजुलमतीचा प्रवेश बसवला होता. लिहिलेला मीच. नेमिनाथ भगवान पशूंचा आक्रोश ऐकून लग्नमंडपाच्या दारातून परत फिरतात, आणि राजुल त्यांच्या मागे दीक्षेला निघते तो प्रसंग. मी राजुल, जाऊ माझी सखी. महिनाभर चुलीपुढे तालमी केल्या. पंधरा मिनिटांचा प्रवेश. आमच्या आधी लहान मुलांचा फॅन्सी ड्रेस. तो संपला, बायका आपापली मुलं घेऊन उठायला लागल्या, आणि संयोजक मागे येऊन म्हणाल्या, "उशीर झालाय, सात मिनिटांत आटपा."

मी तिथेच पेन्सिल घेऊन कापाकापी केली. मंचावर गेलो. समोर निम्म्या सतरंज्या रिकाम्या, उरलेल्यांत पोरांची रडारड. मध्येच जाऊ अडखळली, भलतंच वाक्य बोलली, मग गप्पच झाली. मी कसंबसं ओढून नेलं. आणि आत आल्यावर चार जणींसमोर तिला म्हणाले, "तुझ्यामुळे माझं हसं झालं."

ती काही बोलली नाही. माझाच शालू घडी घालून पिशवीत ठेवला. त्यानंतर ती कधी मंचावर आली नाही. विचारलं तर म्हणायची, "मला नाही जमत, अक्का."

दरवर्षी क्षमावणीला आम्ही एकमेकींना हात जोडतो. "वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा." सव्वीस वेळा म्हटलंय. पण ते नकळत नव्हतं. चांगलं कळून-सवरून बोलले होते मी, आणि ते वाक्य मोघम क्षमेखाली झाकून ठेवलं होतं.

नातू पुढे वाचत होता. चार्ली आणि मिट्झी एकत्रच राहिले. एकत्र कामं केली, पुढे मालिकांमध्येही दिसले. ती गेली 2024 साली, तोवर संसाराची साठ वर्षं उलटून गेलेली. त्या रात्री ती दोघं एकमेकांना काय म्हणाली असतील, हे मला माहीत नाही. पण 'तुझ्यामुळे' हा शब्द घरात मुक्कामाला ठेवला असता, तर साठ वर्षं निभली नसती, एवढं मी सांगू शकते.

दुसऱ्या दिवशी जावेला फोन केला. ती आता मुलाकडे पुण्याला असते. इकडचं तिकडचं न बोलता म्हटलं, "राजुलच्या प्रवेशाच्या दिवशी मी तुला जे बोलले, त्याची क्षमा मागायला फोन केलाय."

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अक्का, तुम्हाला आठवतंय ते?"

"आठवतंय. तू वाक्य विसरलीस आणि मी..."

"विसरले नव्हते हो," ती म्हणाली. "तुम्ही कापलं होतं ते. माझं एकच मोठं वाक्य होतं, तेच गेलं. मग पुढचं कुठून धरायचं ते सुचेना."

मी फोन ठेवून माळ्यावरची जुनी पेटी काढली. वही होती. पेन्सिलीच्या रेघा पुसट, पण दिसतात. पंधराची सात मिनिटं करताना मी सखीची अकरा वाक्यं कापली होती. राजुलची दोन. जन्मभर घरातला पै-पैचा हिशेब ठेवणारी मी, आणि हा हिशेब मला सव्वीस वर्षं दिसला नव्हता. संयोजकांनी माझा वेळ कापला म्हणून मी रुसले होते. मी कुणाचं काय कापलं, हे पाहिलंच नाही. पर्वाचा दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा. त्या धर्मावर मी दोनदा निबंध वाचला आहे मंदिरात! असो.

पुन्हा फोन केला. म्हटलं, "तुझं ते वाक्य आठवतं का गं?"

तिने लगेच म्हटलं. अडखळली नाही. "राजुल, तू निघालीस, तुझा मार्ग तुला दिसला. पण मागे राहणाऱ्यांनी दिवे कुणासाठी लावायचे, तेही सांगून जा."

वाक्य माझ्याच हातचं होतं, पण मला आठवत नव्हतं. तिला होतं.

मैत्रिणींनो, नातवाचे बीटल्स चांगलेच आहेत. त्यातल्या पॉलनी पुढे मांसाहार सोडला हे कळल्यावर तर मला ते आणखी आवडायला लागले. पण यंदा पर्वाच्या कार्यक्रमांची यादी करताना एवढं बघा, की मोठ्या आकर्षणाच्या पुढे-मागे कुणाला ढकललं जातंय. आणि वेळ कापायचीच झाली, तर पेन्सिल आधी स्वतःच्या वाक्यांवर चालवा. आपली मुलं नाचून झाली म्हणून लगेच सतरंजीवरून उठू नका.

जाऊ पर्वाला येते म्हणाली आहे. प्रवेश करेल की नाही, ते तिने अजून सांगितलेलं नाही. मी विचारलेलंही नाही. वही तेवढी काढून ठेवली आहे, कापलेलं सगळं परत लिहून.

उत्तम क्षमा.