रकान्याबाहेरचं

शेणवा, किन्हवली, डोळखांब. पलीकडे सरळगाव, टोकावडे, म्हसा. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या या पट्ट्यातून जे निघून चाललं आहे त्याची ही नोंद. पुरी नाही, जे आठवलं ते उतरवलं. उतरवताना ध्यानात आलं की यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कधी ना कधी इंग्रजांच्या एखाद्या वहीपुढं उभी राहिली होती. काही वहीत शिरल्या आणि बदलून बाहेर आल्या. काहींना तिथं जागाच नव्हती.

धवलारीण

लग्न लावणारी बाई. आगरी-कोळ्यांत धवलारीण, वारल्यांत धवलेरी. हळदीपासून वरातीपर्यंत तिच्या गाण्याशिवाय पाऊल पुढं पडत नसे. मांडवाच्या मेढीला, गावदेवाला, घरातल्या मेलेल्या आजा-पणजाला ती गाण्यातूनच बोलावणं धाडायची. पोथी नाही, मंत्र नाही. एक बाई गाते आणि लग्न लागतं.

शब्द फार जुना आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेनं लग्नाचे धवळे रचले, आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. तिचे धवळे वाङ्मयाच्या इतिहासात गेले. मांडवातले धवळे मांडवातच राहिले.

१७७२ साली वॉरन हेस्टिंग्जनं ठरवलं की हिंदूंच्या लग्ना-वारशाचे निवाडे शास्त्राप्रमाणे करायचे. शास्त्र म्हणजे संस्कृत ग्रंथ, आणि ते सांगणारे शास्त्री-पंडित. मुंबई इलाखा त्यातल्या त्यात निराळा. इथं एल्फिन्स्टनच्या काळात जातीजातींचे रिवाज विचारून घेतले गेले, आणि आर्थर स्टीलनं ते १८२७ साली पुस्तकरूपानं छापले. पण विचारलं ते पंचांना आणि शास्त्र्यांना. गाणाऱ्या बाईला कोण विचारणार?

पुढं इंग्रजी कोर्टात ग्रामजोशाची दक्षिणा हा वतनाचा हक्क ठरला. यजमानानं जोशाला न बोलावता लग्न लावलं तरी जोशी दक्षिणेसाठी दावा लावू शकत होता. माळशेज चढून गेलं की जुन्नर तालुक्यातलं ओतूर लागतं. तिथं सत्यशोधक पद्धतीनं, ब्राह्मणाविना लग्नं लागली तेव्हा जोशी कोर्टात गेले आणि जोतीराव फुले लग्न लावणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. ही सक्ती कायद्यानं सुटायला १९२६ साल उजाडलं.

मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. घाटावर माणसं ब्राह्मणाविना लग्न लावण्याच्या हक्कासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती, आणि घाटाखाली धवलारीण ते काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली होती. तिला कोणी मनाई केली नाही. तिच्यावर दावा झाला नाही. लग्नपत्रिका छापायला लागल्या, पत्रिकेवर मुहूर्ताची घटका-पळं आली, घटका-पळांसाठी गुरुजी आले. शिकलेल्या पोरांना तिच्या गाण्याची लाज वाटू लागली. आता तिला हळदीच्या रात्री बोलावतात, तेही आजी हट्ट धरून बसली तर. डीजेवाला जेवायला बसतो तेवढ्या वेळात ती गाते.

राब

भाताची रोपं टाकायच्या जागेवर शेण, झाडाच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळा सरता सरता पेटवायचं. पहिल्या पावसावर त्या राखेत बी पडतं.

१८७८ च्या वनकायद्यानं रान राखीव झालं आणि डहाळी तोडणं हा गुन्हा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. ठाण्यात त्यासाठी सभा स्थापन झाली, वकील आणि जमीनदार शेतकऱ्याची बाजू मांडू लागले. आपल्याकडच्या राजकारणाची सुरुवात आपण पुण्या-मुंबईच्या सभागृहांत शोधतो. तिचं एक मूळ या जिल्ह्याच्या राबात आहे, ऐनाच्या तोडलेल्या डहाळीत.

राब अजून दिसतो, पण दर उन्हाळ्यात कमी. गुरं कमी झाली, शेण कमी झालं, खत पोत्यातून येऊ लागलं.

वाघबारस

आश्विन वद्य द्वादशी. शिवेवर वाघोबा असतो. कुठं नुसता शेंदूर फासलेला दगड, कुठं वाघ, सूर्य, चंद्र कोरलेली लाकडी फळी. गुराखी पोरं घरोघर तांदूळ मागायची, रानात खीर रांधायची, वाघोबाला दाखवून मग खायची. एक पोरगा वाघ व्हायचा आणि बाकीचे त्याला हाकलत शिवेपार न्यायचे.

भिंतीवरच्या छापील दिनदर्शिकेत त्या दिवशी वसुबारस असते. गाय-वासराची पूजा. तीही चांगलीच आहे, गायीबद्दल माझी तक्रार नाही. पण पूर्वी त्या एका दिवशी गायही होती आणि गाय खाणारा वाघही होता, आणि माणूस दोघांपुढं हात जोडत होता. शाळेत शिकलेल्या पोरांना आता एकच बारस ठाऊक आहे.

या वाघोबाचं काय करायचं हा प्रश्न जनगणनेच्या साहेबांनाही पडला होता. धर्माच्या रकान्यात डोंगरातल्या माणसांपुढं कधी जमातीचा धर्म लिहिला, कधी भूतपूजक. १९११ च्या गणनेआधी जनगणना आयुक्त गेटसाहेबानं प्रांतोप्रांती कसोट्या धाडल्या : ब्राह्मणाचं श्रेष्ठत्व मानतात का, वेद मानतात का, ब्राह्मणाकडून मंत्र घेतात का, देवळात जाऊ देतात का, मेलेल्याला पुरतात का. यावरून हिंदू कोण ते ताडायचं होतं. दहा वर्षांनी मुंबई इलाख्याचा गणना-अधिकारी सेजविक यानं साफ लिहिलं की हा भूतपूजकांचा रकानाच टाकून द्यावा आणि या सगळ्यांना हिंदूंत धरावं. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या पुस्तकात तीच बाजू लढवली, त्यांना मागासलेले हिंदू म्हटलं. समोर मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन होते. त्यांचं म्हणणं, या लोकांना त्यांच्या रानात त्यांच्या रीतीनं राहू द्या.

दोघेही विद्वान, दोघांनाही कळकळ होती. वाद झाला तो रकाना कोणता यावर. रकाना हवाच कशाला, हे विचारायला त्या दगडापुढं खीर ठेवणाऱ्या पोराला कोणी बोलावलं नाही.

येसकराची काठी

घुंगरं लावलेली, महार येसकराच्या हातातली. गावाची राखण, सरकारी टपाल, मेलेलं ढोर, सांगावा. सगळं त्या काठीच्या मागं. १८७४ च्या वतन कायद्यानं इंग्रजांनी ही चाकरी कागदावर पक्की केली आणि महाराला बलुत्याला बांधून ठेवलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणलं. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या पुढं, आणि तोवर काठी धरणाऱ्या हातांनी धर्माचा रकानाच बदलला होता.

गेली ती काठी. बरं झालं. पुन्हा दिसू नये.

वेठ

हीही गेली म्हणून लिहितो. १९३५ च्या कायद्याखाली शहापूर तालुका अंशतः वगळलेला मुलूख ठरला, डहाणू, मोखाडा, उंबरगावाबरोबर. म्हणजे निवडून आलेल्या कायदेमंडळाचे कायदे इथं आपसूक लागू होणार नाहीत. कारण दाखवलं ते आदिवासींच्या रक्षणाचं. सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्यानं पाहणी करून १९३९ च्या सुमारास अहवाल दिला. त्यात सावकाराचं, जमीनदाराचं, जंगल कंत्राटदाराचं राज्य उघडं पडलं. लग्नासाठी थोडे पैसे उचलायचे आणि ते फेडायला नवरा-बायकोनं मालकाच्या घरी राबायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत.

शब्द आता कोणी वापरत नाही. पण दिवाळी झाली की कातकरी जोडपी उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पोरंबाळं घेऊन, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. वेठ गेली असं वर लिहिलं, ते खोडावं का हे मला ठरवता येत नाही.

कात

खैराचं लाकूड उकळून काढायचा. त्यावरून जमातीला कातकरी नाव पडलं. खैर राखीव झाला, कात सुटला, नाव राहिलं.

मोडी

मोडी वाचणारी माणसं. तलाठ्याचं दप्तर, जन्म-मृत्यूची वही, खरेदीखतं, सगळं मोडीत असे. शाळेची आणि छापखान्याची लिपी बाळबोध ठरली तसा मोडीचा हात सुटत गेला. पन्नास-साठ वर्षांपूर्वी प्रत्येक मोठ्या गावात मोडी लावणारा एखादा म्हातारा तरी असायचा.

तो गेला, आणि नंतर त्याची गरज पडली. २०२३ साली मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हा राज्यभर मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध झाली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुण्या कारकुनानं पणजोबाच्या नावापुढं घाईत ओढलेलं अक्षर, त्यावर पणतूचं शिक्षण आणि नोकरी टांगलेली. आमच्या पट्ट्यात कुणबी मोठ्या संख्येनं. त्यांच्या घरात हा प्रश्न उठला नाही, पण शेजारच्या पाड्यावर फार जुना आहे.

इथले ठाकर बोलताना स्वतःला ठाकर म्हणतात. साहेबानं लिहिलं ठाकूर, आणि त्यातले क-ठाकूर, म-ठाकूर असे दोन भाग नोंदले. ते तसेच स्वतंत्र भारताच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आले. आधी या यादीची सवलत ठरावीक तालुक्यांतल्या ठाकरांनाच होती. १९७६ च्या कायद्यानं ती हद्द उठली आणि खरा ठाकूर कोण याची चौकशी सुरू झाली. दाखला नुसता मिळून भागत नाही, तो पडताळावा लागतो. पडताळणी समिती विचारते : देव कोणते? सण कोणते? लग्न कसं लागतं? मयताला काय करता? उत्तरं जमातीच्या जुन्या वर्णनाशी जुळायला हवीत. महादेव कोळ्यांनाही हीच परीक्षा.

शंभर वर्षं ज्या पोरांना सांगितलं की तुझ्या आजीचे देव सोड, शहाण्या माणसासारखं लग्न कर, त्यांनाच आता विचारायचं की आजीचे देव सांग. ठाकूर जमातीच्या संस्थेनं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. २०२३ च्या मार्चमध्ये निकाल लागला की अशा साधर्म्याची कसोटी ही शेवटची कसोटी धरता येणार नाही. माणसं शहरात जातात, रीती बदलतात. माझ्या मते न्यायाचं बोललं. पण निकालानंही वजन दिलं ते संविधानापूर्वीच्या जुन्या कागदाला. म्हणजे पुन्हा मोडीची वही, पुन्हा त्या कारकुनाचं अक्षर.

पाहिलेली माणसं

२ जानेवारी १९४३. मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. कोतवाल नाभिक समाजातले, वकील. आझाद दस्ता काढून त्यांनी विजेचे मनोरे पाडले होते. त्या दिवसांत दस्त्याला भाकरी पोचवणारी, निरोप नेणारी माणसं पाड्यांवर होती. तेव्हाचं दहा वर्षांचं पोर आज नव्वदी ओलांडून गेलं. दर दोन जानेवारीला गर्दी होते, हार पडतात. पाहिलेलं सांगणारा मात्र आता सापडत नाही.

मोह

झाड आहे. फुलं अजून पडतात, पहाटे, टपटप. पूर्वी ती वाळवून घरात भरून ठेवत. भुकेच्या दिवसांत शिजवून खात, आणि दारूही गाळत. देवाला, मयताला, लग्नाला त्या दारूचा थेंब लागे. १८७८ चा अबकारी कायदा आला आणि घरची भट्टी चोरीची झाली. १८९२ साली तर खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचाच कायदा झाला. झाडावरून आपोआप पडलेलं फूल घरात ठेवायला परवाना. सरकारी ठेक्याची दारू खपावी म्हणून.

मग सुधारणा आली. दारू सोडा, म्हणजे वर चढाल. ज्या घरांची दारूनं माती झाली त्यांच्यासाठी ते खरंच होतं, आणि बायकांनी ते मनापासून उचललं. पण देवापुढचा थेंबही त्याच झाडणीत गेला. २०२१ साली राज्य सरकारनं फुलं गोळा करण्यावरचे निर्बंध उठवले. तोवर फुलं शिजवायची कशी हे सांगणाऱ्या बाया थोड्या उरल्या होत्या.

त्यांतल्याच एकीकडं गेल्या उन्हाळ्यात बसलो होतो. पाड्यावरचा एक मुलगा वही घेऊन आला. पुढच्या आठवड्यात त्याची समितीपुढं तारीख होती. म्हणाला, "आजे, आपले देव सांग ना, लिहून घेतो." ती दोन नावं बोलली आणि थांबली. तिसरं आठवेना. म्हणाली, "असं नाय येत रं बाला, बोलायला. गायला लागतं." आणि तिनं गायला सुरुवात केली. डोंगर आला, नदी आली, शिवेवरचा वाघ आला, तिची सासू आली. मुलगा पहिल्या ओळीपर्यंत लिहीत होता. नंतर त्यानं वही मिटली आणि मोबाइल काढून तिच्यापुढं धरला. बॅटरी संपत आली होती. ती गात होती.