दुसरा सेट

याना नोव्होत्ना गेली तेव्हा ती अवघी ४९ वर्षांची होती. १९ नोव्हेंबर २०१७. कर्करोगाने तिला किती पोखरलं होतं, हे तिच्या जवळच्या माणसांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. बातमी आली आणि तिच्यासोबत जिकडेतिकडे एकच छायाचित्र आलं. विम्बल्डनचं सेंटर कोर्ट, १९९३ साल, बक्षीस समारंभ. डचेस ऑफ केंट यांच्या खांद्यावर मान टाकून पांढऱ्या कपड्यांतली एक उंच मुलगी रडते आहे.

त्या छायाचित्रावर माझा राग नाही. ते खरं आहे, आणि खेळाच्या मैदानावर माणुसकी इतकी उघडी क्वचितच दिसते. पण माणूस जातो तेव्हा त्याच्या आयुष्यातलं काय पुढे धरायचं, हे मागे राहिलेल्यांच्या हातात असतं. यानाच्या बाबतीत आपण सगळ्यांनी मिळून रडणं पुढे धरलं. मला तिचा खेळ पुढे धरायचा आहे.

३ जुलै १९९३, शनिवार. आपल्याकडे आषाढातली संध्याकाळ, लंडनमध्ये दुपार. समोर स्टेफी ग्राफ, जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू, विम्बल्डन चार वेळा जिंकलेली. इकडे ब्रनो शहरातून आलेली याना, आठवं मानांकन. तिचा देशसुद्धा नवा. चेकोस्लोव्हाकिया दुभंगून चेक प्रजासत्ताक जन्माला आलं, त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. अंतिम फेरीपर्यंत ती काही नशिबाने पोचली नव्हती. उपांत्यपूर्व फेरीत गॅब्रिएला साबातिनी, उपांत्य फेरीत खुद्द मार्टिना नवरातिलोवा, जिने ही स्पर्धा नऊ वेळा जिंकली होती. दोघींनाही यानाने सरळ सेटमध्ये हरवलं होतं.

यानाचा खेळ आता पाहायला मिळत नाही. सर्व्हिस केली की चेंडूमागोमाग नेटकडे धाव घ्यायची. समोरच्याची सर्व्हिस असेल तर बॅकहँडने चेंडू खाली कापून, गवतावर सरपटत ठेवून, पुन्हा पुढेच यायचं. बेसलाइनवर थांबून रॅली करत बसणं तिला मानवतच नसे. या खेळात विचार करायला उसंत नसते. समोरून येणारा फटका डावीकडे की उजवीकडे, हे पाऊल उचलतानाच ठरवावं लागतं. अंदाज चुकला की चेंडू शेजारून निघून जातो आणि हजारो लोकांदेखत आपण रिकाम्या हाताने उभे राहतो. म्हणजे दर गुणाला एक जुगार. सेंटर कोर्टवर ग्राफसमोर हा जुगार दीड-दोन तास खेळत राहायला काळीज लागतं. पुढे लोक तिला कच्च्या काळजाची म्हणू लागले, तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

पहिला सेट ग्राफने टायब्रेकमध्ये जेमतेम घेतला, ८-६ असा. दुसरा यानाने ६-१ घेतला. तिसऱ्यात ती ४-१ पुढे होती, स्वतःची सर्व्हिस होती आणि गुण ४०-३०. एक गुण मिळाला असता तर ५-१. पहिली सर्व्हिस चुकली. दुसरी रेषेच्या कितीतरी बाहेर गेली. त्यानंतर एक सोपी व्हॉली बाहेर, डोक्यावरून मारायचा एक फटका नेटमध्ये, आणि तो गेम गेला. पुढच्या सर्व्हिस गेममध्ये तीन डबल फॉल्ट. ग्राफने सलग पाच गेम घेतले आणि हातातोंडाशी आलेला घास गेला.

ती दुसरी सर्व्हिस मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. भेदरलेला खेळाडू दुसरी सर्व्हिस हळूच, जपून आत ढकलतो. यानाची ती सर्व्हिस जपून केलेली नव्हती. जोर लावून मारलेली होती. ४-१ पर्यंत जो जुगार तिला साथ देत होता, तोच ती त्या गुणालाही खेळली, आणि तो उलटला. नंतर मन डळमळलं, हे कबूल. पण सुरुवात भित्रेपणाने झाली नव्हती, असं मला आजही वाटतं.

प्रेक्षकांत तिच्या प्रशिक्षक हाना मांडलिकोव्हा होत्या. त्यांनी चार ग्रँड स्लॅम जिंकली, पण विम्बल्डन नाही. १९८१ आणि १९८६ अशा दोनदा त्या इथेच अंतिम सामना हरल्या होत्या. शिष्येच्या रूपाने तिसऱ्यांदा तेच पाहताना त्या बाईंच्या मनात काय आलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग १९९५ चं पॅरिस. फ्रेंच ओपनची तिसरी फेरी, समोर चांदा रुबिन. निर्णायक सेटमध्ये याना ५-० पुढे होती, वर ४०-०. तब्बल नऊ मॅच पॉइंट तिच्या हातून निसटले आणि सेट ८-६ असा गेला. आता शिक्का पक्का बसला. कुणी जिंकता जिंकता हरलं की यानाचं नाव घ्यायचं, असा रिवाजच पडला.

त्यानंतर काही आठवड्यांतच विम्बल्डन होतं. त्या वर्षी याना उपांत्य फेरीत पोचली आणि ग्राफविरुद्ध पहिला सेट तिने जिंकलासुद्धा. सामना गेला. पण त्याच पंधरवड्यात तिने आरांचा सांचेझ व्हिकारियोबरोबर दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. पॅरिसमधली ती हार मनात ताजी असताना. ही हकिगत कुणी सांगत नाही, कारण तिचं छायाचित्र प्रसिद्ध नाही.

दुहेरीत ती काय होती हे तर आपण बोलतच नाही. महिला दुहेरीची १२ ग्रँड स्लॅम, मिश्र दुहेरीची ४, आणि जगात पहिला क्रमांक. १९९० साली हेलेना सुकोव्हाबरोबर तिने ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि विम्बल्डन अशी एकापाठोपाठ तीन जिंकली. एकेरीच्या झगझगाटात दुहेरीचे खेळाडू नेहमीच अंधारात राहतात. हा अन्याय जुना आहे आणि भारतीय टेनिसप्रेमींना तरी तो वेगळा सांगायला नको.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीचं कांस्यपदक यानाने घेतलं. त्याच स्पर्धेत पुरुष एकेरीचं कांस्य लिअँडर पेसने घेतलं. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनंतर, ४४ वर्षांनी, भारताला वैयक्तिक पदक मिळालं ते हेच. पेसच्या कांस्यावर आपण जीव ओवाळून टाकला, आणि ते योग्यच होतं. यानाचं कांस्य मात्र तिच्या कहाणीत तळटीप होऊन राहिलं.

१९९७ साली ती पुन्हा विम्बल्डनच्या अंतिम फेरीत आली. समोर १६ वर्षांची मार्टिना हिंगिस. पहिला सेट यानाने ६-२ घेतला आणि पुढचे दोन्ही ३-६ गमावले. पुन्हा उपविजेतेपदाची तबकडी आणि पुन्हा डचेसचे धीराचे शब्द. वय २८. बहुतेक जण इथे थांबले असते, आणि त्यांना कुणी बोल लावला नसता.

ती थांबली नाही. ४ जुलै १९९८ रोजी नताली तोझिया हिला ६-४, ७-६ असं हरवून ती विम्बल्डनची विजेती झाली. त्याआधी उपांत्य फेरीत गतविजेत्या हिंगिसला तिने सरळ दोन सेटमध्ये बाहेर काढलं होतं. पहिलं एकेरी ग्रँड स्लॅम जिंकताना ती तिशीच्या उंबरठ्यावर होती. खुल्या टेनिसच्या काळात इतक्या वयात पहिल्यांदा जिंकलेली बाई तोवर झाली नव्हती. चषकाची ती मोठी गोल तबकडी तिच्या हाती दिली डचेसनीच. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याही गेल्या. त्या खांद्याशी जोडलेल्या दोघी आता नाहीत.

१९९९ साली यानाने रॅकेट खाली ठेवली. २००१ पासून विम्बल्डनने गवत बदललं. चेंडू जरा जास्त उसळू लागला, बेसलाइनवर उभं राहून जिंकता येऊ लागलं आणि नेटकडे धावणारे खेळाडू विरळ होत गेले. यानाबद्दलच्या माझ्या दुःखात हेही दुःख मिसळलेलं आहे. ती गेली आणि तिच्यासारखं खेळणारंही जवळजवळ कुणी उरलं नाही.

पण तिच्या हाताखाली तयार झालेली एक मुलगी उरली. २०१४ साली ब्रनोजवळच्या इव्हांचित्से गावची बार्बोरा क्रेचिकोव्हा, ज्युनिअर टेनिस संपवून पुढे काय करावं हे कळेना म्हणून, थेट यानाच्या घरी गेली. हातात एक चिठ्ठी होती. यानाने तिला आत घेतलं, खेळवून पाहिलं आणि शिकवायला सुरुवात केली. शेवटच्या आजारपणातही ते नातं सुटलं नाही. एकदा तरी ग्रँड स्लॅम जिंक, असं तिने बार्बोराला निरोप घेताना सांगितलं होतं. बार्बोराने २०२१ ला पॅरिस जिंकलं, जिथे तिच्या गुरूचे नऊ मॅच पॉइंट वाया गेले होते. १३ जुलै २०२४ रोजी, मानांकन ३१ वं असताना, जास्मिन पाओलिनीला तीन सेटमध्ये हरवून तिने विम्बल्डनही जिंकलं. क्लबच्या इमारतीतल्या विजेत्यांच्या फलकावर यानाच्या नावाच्या पुढे आपलंही नाव आलेलं पाहून तिला रडू आवरेना.

आता एक विनंती. १९९३ चा तो अंतिम सामना आजही इंटरनेटवर पाहायला मिळतो. जो तो शेवटचे पाच गेम आणि बक्षीस समारंभ तेवढा पाहतो. तुम्ही दुसरा सेट पाहा. स्टेफी ग्राफ, विम्बल्डनचं गवत, आणि धावफलकावर ६-१ यानाच्या बाजूने.