मरळ, मूठ आणि मोमेंट

'बास' या शब्दाचे आमच्या हॉस्टेलवर दोनच अर्थ आहेत. एक, गॅदरिंगच्या बँडमधली बास गिटार. आणि दुसरा, मेसच्या मावशी चौथ्यांदा भात वाढायला आल्या की हात आडवा धरून आपण म्हणतो तो "बास!" तिसरा अर्थ मला शाळेतल्या इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकातून कळला. बास नावाचा एक मासा अमेरिकेत असतो आणि तो गळाने पकडायच्या तिकडे मोठमोठ्या स्पर्धा होतात. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'रील', 'कास्ट', 'टॅकल' हे शब्द मला आधी आले, आणि 'तंगूस' हा शब्द नंतर, तोही माझ्या चुलत्यांकडून. (त्यामुळे या लेखातलं शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं, ही विनंती!)

तर आमच्या कन्हेरीत बास नाही. कन्हेरी म्हणजे बारामती तालुक्यातलं, निवडणूक आली की ज्या मारुतीपुढे प्रचाराचा नारळ फुटतो ते गाव. इथे ऊस आहे, शेततळी आहेत, जवळून जाणारा नीरा डावा कालवा आहे आणि तासाभरावर भिगवणला उजनीचं बॅकवॉटर. या सगळ्या पाण्यात बासचं काम आमची मरळ करते. दोघांची जात वेगळी, पण स्वभाव सख्ख्या भावंडांचा! पाणवनस्पतीत दबा धरून बसायचं, वरून बेडूक गेला की एका झेपेत गिळायचा, आणि पिल्लांच्या जवळ काहीही आलं की त्याच्या अंगावर धावून जायचं. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते, त्यामुळे पाट बंद झाल्यावर डबक्यात उरलेल्या पाण्यातही ती तग धरते. पावसाळ्यात तिच्या लालसर पिल्लांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि आई-बाप खाली पहारा देतात. अशा वेळी गळ टाकला तर मरळ हमखास लागते. तात्या तेव्हा टाकत नाहीत. "लेकुरवाळीला काय धरायची?" एवढंच म्हणतात.

तात्या म्हणजे माझे मोठे चुलते. शनिवारी मारुतीचा वार म्हणून गळाला हात लावायचे नाहीत, पण रविवारी सकाळी कालव्याच्या पुलावर नाही तर भिगवणकडे. त्यांचं सगळं टॅकल एका पिशवीत मावायचं. बांबूची काठी, तंगुसाचं बंडल, चार-सहा गळ, शिशाचे तुकडे, तरंगायला थर्माकोल आणि डब्यात गांडुळं. काठी निवडायला मात्र ते अर्धा दिवस लावायचे. बेटातला बांबू हाताने वाकवून बघायचे, सोडल्यावर किती झटक्यात सरळ होतो ते बघायचे, आणि घेतल्यावर वरची साल अजिबात तासू द्यायचे नाहीत. मला तो त्यांचा हट्ट वाटायचा. मग दुसऱ्या वर्षी एस.ओ.एम. विषय आला. वाकणाऱ्या बीममध्ये सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरावर येतो, आणि बांबूचे सगळ्यात दाट तंतू नेमके सालीलगत असतात. म्हणजे तात्यांना जे माहीत होतं तेच आम्ही सूत्र पाठ करून पेपरात लिहिलं!

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या बास पकडणाऱ्यांच्या पणजोबांच्या हातातली काठी एके काळी आपल्याकडचीच होती. 19व्या शतकात तिकडचे कारागीर भारतातून जाणारा बांबू वापरायचे. त्याला 'कॅलकटा केन' म्हणत. बांबू उभा चिरून सहा त्रिकोणी पट्ट्या काढायच्या, सालीची बाजू बाहेर ठेवून त्या चिकटवायच्या, की षटकोनी काठी तयार. पुढे 20व्या शतकात चीनच्या टोंकिन बांबूने ही जागा घेतली, आणि त्यानंतर फायबरग्लास व कार्बनने.

आणि मासे? कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांमधल्या माशांची नोंद केली, तेव्हा शास्त्रीय नावांत त्याने इथल्याच लोकांच्या तोंडचे शब्द घातले. निळ्या परांच्या महसीरला त्याने 1839 साली 'खुद्री' म्हटलं, तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला. तेच पाणी पुढे भीमेला मिळून उजनीत येतं. (येताना पुण्याचं काय काय घेऊन येतं ते इथे लिहीत नाही, कारण लेख जेवणाच्या सुट्टीत वाचला जाईल.)

असो. तात्यांकडे येतो. मी बारावीत असताना कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये तात्यांचा उजवा हात गेला. हात वाचला, पण तर्जनी आणि मधलं बोट गेलं. शेतीची कामं ते हळूहळू पुन्हा करू लागले, दुधाच्या किटल्याही उचलू लागले, पण गळ मात्र बंद. काकींनी ती काठी शेवग्याच्या शेंगा काढायला घेतली तरी ते काही बोलले नाहीत. रविवारी सकाळी ओट्यावर बसून राहायचे. कोणी विषय काढलाच तर म्हणायचे, "आता काय, बोटं मासळीनं न्हाई, मशीननं खाल्ली." आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत.

एका दिवाळीला मी त्यांच्यासाठी पुण्याहून दुकानातली रॉड आणि रील आणली. चांगली होती, पण ती दहा बोटांच्या माणसासाठी बनवलेली होती. आता हे कसं, ते जरा सांगतो. स्पिनिंग रील काठीच्या खाली लटकते. उजव्या हाताने काठी धरायची, तर्जनीने दोरा अडवायचा, काठी मागे नेऊन पुढे मारायची आणि नेमक्या क्षणी तर्जनी सोडायची. तात्यांकडे नेमकी तीच नव्हती! ही रॉड आठवडाभर कोपऱ्यात उभी राहिली आणि मग मी तिला हॉस्टेलवर परत आणलं.

तिथून मला काठी बनवायचा नाद लागला. परदेशात 'कस्टम रॉड' हा हौशी लोकांचा महागडा शौक आहे. दोऱ्याचे रंग, नक्षी, नाव कोरणं वगैरे. पण त्याचं मूळ काम शिंप्याचं आहे. माप घ्यायचं आणि बेतायचं. मी तात्यांची मापं घेतली. कोपरापासून मनगटापर्यंत किती, उजव्या हाताची पकड किती, अंगठा कुठपर्यंत वळतो.

नुसत्या नळीला 'ब्लँक' म्हणतात. मी सात फुटी फायबरग्लासचा ब्लँक मागवला. कार्बन हलका असतो, पण कार्बनमधून वीज वाहते आणि आमच्या कालव्याच्या कडेने शेतीपंपाच्या तारा गेल्या आहेत. (तारांखाली कुठलीच काठी उभी करायची नाही, ओला बांबूसुद्धा नाही. हे मात्र गंभीरपणे.) अशा पोकळ नळीचा ताठपणा बाहेरच्या आणि आतल्या व्यासाच्या चौथ्या घातांच्या फरकावर ठरतो. दोन्ही व्यास दुप्पट केले तर ताठपणा सोळापट! म्हणून बुंधा वाकत नाही आणि शेंडा चाबकासारखा वाकतो. शेंड्याजवळ वाकणाऱ्या काठीला 'फास्ट' म्हणतात, बुंध्यापर्यंत वाकणारीला 'स्लो'. तात्यांच्या हातात झटका कमी, म्हणून मी मधली घेतली.

ब्लँक कापड गुंडाळून बनतो, त्यामुळे त्याची एक बाजू जरा जास्त ताठ असते. बुंधा गुळगुळीत फरशीवर टेकवून मधे दाब दिला की काठी आपोआप फिरते आणि एका जागी स्थिरावते. तिला 'स्पाइन' म्हणतात. कड्या तिच्या हिशेबाने बसवायच्या की नाही, यावर जाणकारांत वाद आहेत. मी बसवल्या. रीलजवळची कडी सगळ्यात मोठी, कारण दोरा वेटोळी घेत सुटतो, आणि मग शेंड्याकडे लहान लहान होत जातात. टोकाची धरून आठ. त्यांची जागा डोळ्यांनी ठरवत नाहीत. टोकाला वजन लावून काठी वाकवतात आणि दोरा तिच्या बाकाबरोबर जाईल असं बघतात. आमच्या खोलीत खिडकीच्या गजाला बांधलेली वाकडी काठी आणि टोकाला लोंबणारी पाण्याची बाटली बघून रेक्टरसरांनी काय विचार केला असेल, देव जाणे!

कडीचा पाय कानशीने पातळ करून त्यावर नायलॉनचा दोरा एकाला एक चिकटून गुंडाळायचा. एका पायाला अर्धा तास. रूममेट म्हणाला, "तू इंजिनिअर होणारेस की पटवेकरी?" वर दोन भागांचं इपॉक्सी. ते ओलं असताना काठी सतत हळू फिरत राहिली पाहिजे, नाहीतर थेंब खाली ओघळतो. भंगारवाल्याकडून जुन्या मायक्रोवेव्हच्या फिरत्या ताटलीची मोटर मिळाली. मिनिटाला पाच-सहा फेरे. रात्रभर आमची काठी ग्रिलवरच्या कोंबडीसारखी गोल फिरत होती.

खरा प्रश्न मुठीचा होता. मी सगळं उलटं केलं. काठी डाव्या हातात, दोरा अडवायला डावी तर्जनी, आणि रीलचं हँडल उजवीकडे. स्पिनिंग रीलचं हँडल दोन्ही बाजूंना बसतं, हे बरं. पण हँडलची टोकाची गुंडी चिमटीत धरावी लागते, म्हणून ती काढून ड्रॉवरचा मोठा लाकडी नॉब लावला, जो तळहाताने ढकलला तरी फिरतो. बुंधा तात्यांच्या हाताच्या मापाने लांब ठेवला आणि त्याच्या टोकाला सुताराकडून कोयत्याची मूठ बसवून घेतली. आता फेकताना डावा हात टेकू, आणि उजव्याने खालची मूठ पोटाकडे ओढायची. लांब भुजा म्हणजे मोठा मोमेंट, जोर कमी लागतो. एवढीच सगळी थिअरी. कोयत्याच्या मुठीची सवय त्या तीन बोटांना आधीपासून होती.

कास्ट शिकवायला मी मोठ्या ऐटीत उभा राहिलो, पण शिकवायची गरजच पडली नाही. कास्ट म्हणजे हाताने फेकणं नव्हे. आमिषाच्या वजनाने काठी मागे वाकते, त्यात शक्ती साठते आणि ती पुढे सुटते. आपण फक्त सोडायची वेळ साधायची. तात्यांनी लहानपणी ज्वारीवरच्या पाखरांना गोफण मारलेली. लवकर सोडली तर दगड आभाळात, उशिरा सोडली तर पायाशी, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. दुसऱ्याच फेकीला वजन बांधाच्या पलीकडे गेलं.

ते बास पकडणाऱ्यांच्या आवडत्या, आडव्या ड्रमच्या बेटकास्टिंग रीलबद्दलही विचारत होते. मी म्हटलं, तिच्यात दोरा सुटताना ड्रमच फिरतो. आमिष हवेत मंदावतं, ड्रम फिरतच राहतो आणि दोऱ्याचा गुंता होतो. ते लगेच म्हणाले, "म्हंजी रहाट की! बादली पाण्याला टेकली तरी रहाट फिरतूया." आणि रहाटाला तळवा घासून थांबवतात, तसा त्या ड्रमला अंगठा लावतात. कंपन्यांनी त्यासाठी चुंबकाचे ब्रेक केले आहेत, पण अंगठ्याची सुट्टी अजून झालेली नाही. स्पिनिंग रीलमध्ये ड्रम स्थिर असतो आणि दोरा कडेवरून निसटतो. 1905 साली तिचं पेटंट घेणारा इलिंगवर्थ हा इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा, लोकरीच्या गिरणीवाला.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही भिगवणला गेलो. जलाशयातली मासेमारी परवान्याने चालते, म्हणून आधी तिथल्या मच्छीमारांना विचारलं. त्यांनी काठीकडे बघितलं, कोयत्याची मूठ बघितली आणि होकार दिला. लांबवर फ्लेमिंगो उभे होते. तात्यांनी गांडूळ डाव्या हाताने लावलं, त्याला बराच वेळ लागला, मी मधे पडलो नाही. तिसऱ्या फेकीला शेंडा थरथरला. तळहाताएवढी चिलापी! हायवेवरच्या हॉटेलात फ्राय करून देतात ती. तात्यांनी नॉब तळहाताने ढकलत ती काठाशी आणली, गळ सोडवला, आणि मासा बादलीत टाकून लगेच पुन्हा काठी उचलली. दुपारपर्यंत आमच्यात बोलणं असं फारसं झालंच नाही. अकरा चिलापी.

आता दर रविवारी जातात. काकींना शेंगा काढायला नवा बांबू आणावा लागला. मागच्या आठवड्यात फोनवर त्यांनी काठीत दोन बदल सांगितलेत. ओल्या हाताने नॉब निसटतो, त्याला खाचा पाडायच्या. आणि मूठ चार बोटं आखूड करायची, कारण बसून फेकताना ती पोटात लागते. सबमिशन संपलं की वर्कशॉपमध्ये लेथला नंबर लावणार आहे. मरळ अजून लागलेली नाही.