दूरदेशीचा किराणा

हट्टा हे नाव आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानावरून गेले असेल. गोंदिया आणि बालाघाट यांच्या दरम्यान 'हट्टा रोड' असे एक लहानसे रेल्वे स्थानक आहे. तेथे उतरले की धानाच्या बांध्यांमधून गावाकडे यावयाचे. गावात एक जुनी दगडी बावडी आहे. जमिनीच्या पोटात मजले उतरवून केलेली ही विहीर हट्टेसिंह वलके नावाच्या गोंड राजाने बांधविली, असे सांगतात. पाहुणा आला की त्याला बावडी दाखवावी आणि चिन्नोरचा भात वाढावा, एवढाच आमचा पाहुणचार. याहून अधिक दाखविण्यासारखे आमच्याजवळ फारसे नाही आणि त्याची आम्हांला खंतही नाही.

आमच्या घराण्याला येथे येऊन चार पिढ्या झाल्या. आजेसासरे शिक्षक म्हणून आले तेव्हा बालाघाटची कचेरी नागपूरच्या हाताखाली होती, आणि आपण मुलूख सोडून कोठे परक्या ठिकाणी आलो आहोत असे त्यांना वाटण्याचे कारणच नव्हते. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी भंडारा तिकडे गेला, बालाघाट इकडे राहिला, आणि घर न हलविता आम्ही परप्रांतीय झालो. मुले हिंदी शाळेत जाऊ लागली. देवघर, स्वयंपाकघर आणि किराण्याची यादी एवढ्या तीन ठिकाणी मात्र मराठी टिकली.

त्या यादीविषयी थोडे सांगितले पाहिजे. लग्न होऊन मी येथे आले ती पुण्याकडून. पहिल्याच महिन्यात मी यादीत 'चवळी, शेंगदाणे, कोथिंबीर' असे लिहिले, तेव्हा सासूबाईंनी कागद हातात घेऊन, एक शब्द न बोलता, 'बरबटी, फल्लीदाणे, सांबार' अशी दुरुस्ती केली होती. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे विदर्भाच्या वाचकांना सांगावयास नको. इतरांनी मात्र लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. शेटजी ती यादी वाचीत आणि पोऱ्याला हिंदीत हुकूम सोडीत. आता त्यांचा नातू गादीवर बसतो. त्याला मराठी वाचता येते, परंतु तो ओठ हलवून वाचतो. आठवड्याच्या बाजारात शिंगाडे, मोहफुले, जवस, वाळलेली मासळी यांचे ढीग लागतात, आणि बाजाराच्या टोकाला मटणाचे दुकान आहे. ते सुरुवातीपासून मुसलमानाचेच.

2021 साली यजमान गेले. मुलगा शिकागोला असतो. "आई, उन्हाळा इथे चांगला असतो, ये," असा त्याचा दोन वर्षे धोशा चालला होता. 2023 च्या जूनमध्ये मी निघाले. निघताना दोन गोष्टी बरोबर घेतल्या: पाच किलो चिन्नोर आणि एक प्रश्न.

प्रश्न असा होता. आमची शेती बटईने दिलेली आहे. चिन्नोर हा सुगंधी तांदूळ. उकळीला आला की शेजारच्या घराला कळते. 2021 मध्ये 'बालाघाट चिन्नोर' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आणि आम्ही चार दिवस ताठ मानेने फिरलो. पण त्याचे पीक लांबते. हलके धान घरात आले तरी चिन्नोर शेतात उभाच असतो. त्याची काडी उंच, वाऱ्यापावसाने लोळते, आणि उतारा कमी. सरकारी खरेदीत धानाच्या दोनच प्रती, साधारण आणि 'अ'. सुवासाला तेथे रकाना नाही. 2023-24 साठी साधारण धानाला क्विंटलमागे 2183 रुपये हमीभाव ठरला होता, आणि बटईदाराचे म्हणणे असे की ज्या बांधीत दुप्पट धान होते तेथे वासासाठी चिन्नोर कशाला लावावयाचा? त्याचे काही चुकत नव्हते. यजमान असेतो त्यांनी त्याचे ऐकले नाही. आता निर्णय मुलाने करावा, अशी माझी इच्छा होती.

चिन्नोर शिकागोपर्यंत पोहोचलाच नाही. अमेरिकेत पाऊल टाकताच तपासनिसाने पिशवी बाजूला काढली. तो नम्र होता. आपल्या देशासारख्या काही देशांतून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ आणण्यास तेथे बंदी आहे, कारण धान्यात होणारी एक कीड. तिचे नाव त्याने दोनदा उच्चारले तेव्हा मला उमगले: 'खापरा'! एवढ्या मोठ्या विमानतळावर माझ्या ओळखीचा शब्द सापडला तो हा. नियम म्हणजे नियम, मी भांडले नाही. पण पिशवीची गाठ मी हट्ट्यात माझ्या हाताने मारली होती, ती त्याला सुटेना, आणि शेवटी मीच सोडून दिली. त्या वेळी मात्र वाईट वाटले.

मुलगा म्हणाला, "काळजी करू नकोस. डिव्हॉनवर सगळे मिळते."

डिव्हॉन हा शिकागोच्या उत्तर भागातील एक लांबलचक रस्ता. पूर्वी येथे यहुदी लोकांची वस्ती आणि दुकाने होती. 1974 साली पटेल बंधूंनी येथे किराण्याचे पहिले दुकान उघडले, त्याच्या शाखा पुढे अमेरिकाभर झाल्या. या रस्त्याच्या निरनिराळ्या तुकड्यांना शहराने मानाची नावे दिलेली आहेत: एका भागाला गांधींचे, एका भागाला महंमद अली जीनांचे, आणखी एकाला शेख मुजीबांचे, आणि जुन्या वस्तीची आठवण म्हणून एकाला गोल्डा मेयर यांचे. ज्यांच्या नावावरून आपल्याकडे फाळण्या झाल्या ती मंडळी येथे एका रांगेत खांबांवर टांगलेली पाहून मला हसू आले. पाट्यांखालून बायका पिशव्या घेऊन चाललेल्या होत्या. पाटी बदलली तरी कोणीही चाल बदलीत नव्हते.

दुकानात शिरताच हिंग, अगरबत्ती आणि पिकलेला फणस यांचा एकवट वास आला, आणि अहो, डोळे भरून आले. मग काम सुरू झाले. सूनबाईची यादी मोबाईलमध्ये आणि इंग्रजीत, माझी कागदावर. बरबटी सापडली, 'लोबिया' या नावाने. जवस सापडले ते औषधाच्या थाटात, काचेच्या बरणीत. पोह्यांच्या पाच जाती होत्या. सांबार कोठे आहे असे मी एका मुलीला विचारले, तर तिने मोठ्या तत्परतेने मला सांबार मसाल्याच्या कपाटापुढे नेऊन उभे केले. तिचे काय चुकले? हट्ट्यात सासूबाईंनी मला जे शिकविले ते डिव्हॉनवर कामास येईना, आणि पुण्याचा शब्दही तेथे चालला नसता. अखेर 'धनिया' म्हटले तेव्हा जुडी हाती आली.

मटणासाठी शेजारच्या हलाल दुकानात गेलो. येथे एक खुलासा करते, कारण अशा दुकानात पाय ठेवताना आपल्यातील काही जणी बिचकतात असे मी पाहिले आहे. देशावरच्या जुन्या गावगाड्यात मुलाणी असे. बकरे त्याच्या हातचे कापलेले असावे, असा मराठ्या-कुणब्यांचाही दंडक होता, आणि त्या कामाबद्दल त्याचा हक्क ठरलेला असे. मग परदेशात पाटीवर 'हलाल' हा शब्द मोठ्या अक्षरांत दिसला म्हणून बिचकण्याजोगे त्यात काय आहे? असो. मी हिंदीत मटण मागितले. काचेमागच्या माणसाने विचारले, "बकरी का या भेड़ का?" तिकडे मटण म्हणजे मेंढीचे, हे मला ठाऊक नव्हते. मी गोंधळून मुलाकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "अरे, आपले साधे बोकडाचे सांग ना."

काचेमागचा सुरा थांबला.

"कोठच्या जी तुमी, काकू?"

वाचकहो, त्या 'जी'वर मी हट्टा ओवाळून टाकीन! तो कामठीचा होता, नागपूरच्या अलीकडच्या कामठीचा. घरी उर्दू, गल्लीत मराठी. गोंदियाला त्याची आत्या दिलेली. हट्टा ठाऊक नव्हते, बालाघाट ठाऊक होते. त्याने मागच्या पायाचे मांस निवडून दिले, चरबी कमी केली, नळीची हाडे वेगळी बांधली आणि "रस्सा सावजीवानी तिखट करा" असे बजाविले. माझा नातू हे सारे तोंड उघडे टाकून ऐकत होता. आजीची भाषा आजीशिवाय आणखी कोणी बोलतो, हे त्याने बहुधा प्रथमच पाहिले. त्यानंतर दर आठवड्याला मटण लागो वा न लागो, मी त्या दुकानावरून जात असे.

20 जुलै 2023 रोजी आपल्या सरकारने बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. देशात भाव चढले होते आणि पावसाचा भरवसा नव्हता. जगाच्या तांदूळ-निर्यातीत आपला वाटा सुमारे चार दशांश. तेव्हा बातमी पसरावयास वेळ लागला नाही. शनिवारी सकाळी आम्ही डिव्हॉनवर पोहोचलो तर दुकानापुढे रांग. सोना मसुरीच्या वीस पौंडी, म्हणजे सुमारे नऊ किलोच्या गोण्या माणसे दोन-दोन, चार-चार ढकलीत होती. आतमध्ये दर कुटुंबास एकच गोणी असा कागद चिकटविलेला होता. कोणी हुज्जत घालीत होते, कोणी फोनवर नातेवाइकांना बोलावीत होते. शिकली-सवरलेली, मोटारीतून आलेली ती माणसे तांदळाच्या गोणीला मिठी मारून उभी होती! मला राग आला नाही. माझ्या लहानपणी रेशनच्या रांगेत आई अशीच उभी राहिलेली मी पाहिली आहे.

नेमक्या त्याच वेळी पिशवीतला फोन वाजला. आमच्याकडे दहा, म्हणजे हट्ट्यात रात्रीचे साडेआठ. बटईदार बोलत होता. "बाई, पानी झाला. परा कोनता लावू? दोनी तयार हायेत."

मी फोन मुलाच्या हातात दिला. "तुझ्या वडिलांची शेती आहे, तूच सांग."

मुलगा थोडा वेळ त्या रांगेकडे पाहत राहिला. त्याचा हात गोणीवर होता. ती गोणी मिळावी म्हणून तो पाऊण तास उभा होता. मग म्हणाला, "दोन बांध्यांत चिन्नोर लावा. नुकसान आमच्याकडे, तुमच्या वाट्यात धरू नका." पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. फोन परत देताना मुलगा म्हणाला, "तो विचारतोय, खाणार कोण?"

डिसेंबरात धान घरी आले. बटईदाराच्या हिशेबाने उतारा जेवढा कमी भरावयाचा तेवढाच भरला; फरकाचे पैसे मुलाने पाठविले. गिरणीतून तांदूळ आला तेव्हा पोती पडवीत ठेवली, आणि दोन दिवस घरभर तोच वास. निर्यातीची ती बंदी 2024 च्या सप्टेंबरात उठली, पण प्रवाशाच्या पिशवीतल्या तांदळावरची बंदी निर्यातीशी संबंधित नाही. ती खापऱ्याची आहे. तेव्हा मुलाला तांदूळ पाठविण्याचा मार्ग नव्हता. काही तांदूळ शेटजींच्या नातवाकडे विकावयास ठेवला. तो एक-एक किलोच्या पिशव्या करून समोर मांडतो, आणि भाव सांगताना जरा लाजतो.

जानेवारीत मला नागपूरला जावयाचे होते. वाटेत कामठीला उतरले. शिकागोच्या त्या मुलाने चिठ्ठीवर घरचा पत्ता लिहून दिलेला होता, तो शोधीत गेले. त्याची आई वयाने माझ्याएवढीच. मी पाच किलो चिन्नोर पुढे ठेवला. तिने मूठभर हातात घेतला, नाकाजवळ नेला, मग सुपात ओतून सवयीने खडे पाहू लागली. खडे नव्हते. मान वर न करता तिने विचारले, "दुबला तो नहीं हुआ?"

मी सांगितले की मधे काच होती, आणि काच उंच होती. तिच्यावरून जेवढा दिसला तेवढा चांगला दिसला.