काळी दोन, काळी पाच

११ जून
टेनर सॅक्सोफोन घरी आला. सरांचा जुना. लॅकर जागोजाग उडालेलं, बुडाच्या वळणावर पोचा. आमचा टेनरवाला नोकरीसाठी मस्कतला गेला. ग्रुपमध्ये आल्टो दोन, टेनर एकही नाही. सर म्हणाले, "तुझा दमसास चांगला आहे, तू घे. गणपतीत वाजवायचंय." हो म्हटलं. रात्री आल्टोची पेटी पलंगाखाली सरकवली. परत बाहेर काढली.

१२ जून
वजन. आल्टो अडीच किलोच्या घरात, हा साडेतीनच्या. पट्टा मानेला काचतो. आई दोनदा विचारून गेली, पाठ दुखत नाही ना.

१४ जून
बोटं तीच, कळा त्याच. आवाज दुसऱ्या कुणाचा तरी. आल्टोवर सी दाबला की हार्मोनियमवरची काळी दोन वाजते. याच्यावर तोच सी दाबला की काळी पाच, आणि तीही खालची. कान काळी दोनची वाट बघत राहतो.

१५ जून
वरचे सूर चढे लागतात. खालचा सी लागतच नाही, फुटतो आणि वरच्या सप्तकात उडी मारतो. तासभर तेच. जेवले नाही.

१७ जून
सरांनी वाद्य बाजूला ठेवायला लावलं. नुसता माउथपीस. आल्टोच्या माउथपीसवर पांढरी सहा यायला हवी, टेनरच्या माउथपीसवर पांढरी पाच. माझी सहाच येते, कधी त्याच्याही वर. सर म्हणाले, "हातात टेनर आहे, ओठ अजून आल्टोचे आहेत." हनुवटी खाली, ओठ सैल, घसा उघडा, हवा गरम आणि भरपूर.
उघडा घसा म्हणजे नेमका किती?

१८ जून
पांढरी पाच आली. क्षणभर.

२१ जून
पाऊस थांबत नाही. भाट्याच्या पुलावर बस अडकली. टेनरची पेटी मांडीवर मावत नाही, दारापाशी उभी धरली. लोक विचारतात, यात काय आहे? सॅक्सोफोन म्हटलं की पुढे काहीच विचारत नाहीत.

२२ जून
जी शार्पची कळ चिकटली. दमट हवेत हे आल्टोलाही व्हायचं. पॅडखाली पातळ कागद घालून हलकेच दाबला, ओल टिपून घेतली. रीडवर बुरशीचे काळे ठिपके. दोन रीड फेकाव्या लागल्या. टेनरच्या रीड इथे मिळत नाहीत. मुंबईला धोबी तलावला कुणी जाणारं आहे का, विचारायला हवं.

२८ जून
आजच्याच तारखेला, १८४६ साली, अडॉल्फ साक्सला पॅरिसमध्ये पेटंट मिळालं. त्याने एका वाद्यावर भागवलं नाही, लहानमोठ्यांचं कुटुंबच घडवलं. एकाची बोटं बसली की सगळ्यांची बसली, अशी योजना. बोटांपुरती ती खरी आहे. श्वासाचं काय, ते ज्याचं त्याने बघायचं.

२ जुलै
कद्री गोपालनाथ ऐकले. सगळं आल्टोवर. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन पहिल्यांदा पाहिला, आणि पुढे याच वाद्यावर कर्नाटक संगीतातली गमकं काढली. जन्मभर आल्टो. त्यांना कुणी बदल म्हटलं असतं तर?
सरांना विचारलं नाही.

५ जुलै
शेवटी विचारलं. सर कोल्ट्रेनबद्दल बोलले. तोही आधी आल्टोच वाजवायचा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस एडी व्हिन्सनच्या बँडमध्ये गेला, तर व्हिन्सन स्वतः आल्टोवाला. मग याच्याकडे टेनर आला. टेनरमुळे आपलं ऐकणं रुंदावलं, असं तो पुढे सांगायचा.
ऐकणं. वाजवणं म्हणाला नाही.

१३ जुलै
मनोहारी सिंग २०१० मध्ये याच दिवशी गेले. 'कश्मीर की कली'तलं, रफींच्या आवाजातलं ते दारूच्या नशेतलं गाणं लावलं. १९६४ चं. शब्द संपतात तिथे सॅक्सोफोन शिरतो, पुन्हा शब्द आले की बाजूला होतो. इतकी वर्षं मी फक्त त्याचे तुकडे उतरवत आले. आज पहिल्यांदा ते कुठे थांबतात ते मोजलं.

१९ जुलै
नव्या पट्ट्या. गायिका पांढरी चारमध्ये गाते. आल्टोवर मी डीला सा धरायचे, आता जीला. पांढरी एकचं गाणं असेल तर आल्टोवर ए, टेनरवर डी. वहीत दोन रकाने आखले. डोकं चटकन बदलतं, बोटं ऐकत नाहीत. तालमीत अंतऱ्याला बोटं सरळ जुन्या घरात गेली. कीबोर्डवाला वळून बघत राहिला.

२३ जुलै
लहानपणी गाण्याच्या बाई पहाटे खर्ज भरायला लावायच्या. फार कंटाळा यायचा. आज पहाटे पडवीत टेनर घेऊन बसले, एकच सूर, श्वास संपेपर्यंत, मग त्याच्या खालचा. अगदी खालच्या बी फ्लॅटपर्यंत, म्हणजे खर्जाच्याही खालची काळी चार. आल्टो खर्जातल्या काळी एकवरच संपतो. तिच्याखालचे सूर मी आजवर फुंकून काढलेच नव्हते.
बरगड्या दुखतायत.

२४ जुलै
आज पुन्हा. सी फुटला नाही.

२७ जुलै
आजी उठून पडवीत आली. म्हणाली, "मुंबईची आगबोट बंदरात यायची ना, तिचा भोंगा असाच ऐकू यायचा." मग खांबाला टेकून बसली. आल्टो वाजवताना ती दार लोटून घ्यायची.

३ ऑगस्ट
सरांनी आल्टो मागितला. नववीतली एक मुलगी नव्याने शिकायला येतेय, तिला सरावाला हवा. विकत नाही, नुसता वापरायला. पुसून, कॉर्कला ग्रीस लावून दिला. माझा माउथपीस काढून ठेवला. मग तोही दिला. त्याच्याशिवाय ती वाजवणार कशावर?

४ ऑगस्ट
काही वाजवलं नाही.

९ ऑगस्ट
काल नारळी पौर्णिमा. मांडवीला गर्दी, समुद्र अजून खवळलेला. तालीम बुडाली. आज भरून काढली. बाबूजींच्या एका भावगीतात दुसरा आल्टो चाल वाजवतो, मी खालून धरते. माझ्याकडे चारच सूर, लांबलेले. आधी वाटलं, हे काय वाजवणं? मग सरांनी मला मध्येच थांबवलं आणि बाकीच्यांना चालू ठेवायला सांगितलं. चाल तीच, वाजवणारे तेच. सगळं पातळ झालं.
परत शिरताना श्वास पोटापर्यंत गेला. कुणी सांगितलं नव्हतं.

१६ ऑगस्ट
मारुती मंदिराला दहीहंडी. बेंजो आणि ढोल, दुसरं काही ऐकू येत नाही. ढोलाखालचा घुमारा किती लांब जातो, ते ऐकत चौकात उभी राहिले.

२० ऑगस्ट
सरांनी मधला तुकडा मला दिला. आल्टोला होता तो. मी तो आल्टोवरच बसवला होता, त्यातल्या वरच्या जागा आवडायच्या. टेनरवर त्याच जागा घेतल्या तर ओढून आणल्यासारख्या लागतात. एक सप्तक खाली नेऊन बघितलं. वाक्यं मोठी झाली, तानेची गरज उरली नाही. अर्धी काढून टाकली.

२७ ऑगस्ट
गणपती आले. घरात पाहुणे, पडवी भरलेली. सराव न्हाणीघरामागे, छत्रीखाली.

३० ऑगस्ट
मंडळाचा कार्यक्रम झाला. मांडवावर पत्रे, त्यावर पाऊस. मायकात पावसाचाच आवाज जास्त. गायिकेने पट्टी अर्ध्या सुराने उतरवली, ऐन वेळी. पांढरी चारची पांढरी तीन. सा जीवरून एफ शार्पवर. रकाने आठवायला वेळच नव्हता. कानाने धरलं. दुसऱ्या ओळीपासून बोटं मागे आली.
मधला तुकडा सगळा खालच्या अंगाने वाजवला. शेवटचा सूर सरांनी हाताने लांबव म्हटलं, लांबवला.
दुसऱ्या रांगेत ती नववीतली मुलगी होती. आईसोबत.

४ सप्टेंबर
क्लासमध्ये तिचा आवाज ऐकला. माझा आल्टो. ओठ आवळतेय, सूर चढतोय. वरचा ए मात्र छान लागला तिला. तिला म्हटलं, रीड वापरून झाली की पुसून सपाट काचेवर ठेव, पेटीत ओली कोंबू नकोस.

७ सप्टेंबर
सर म्हणाले, दिवाळीच्या कार्यक्रमाला आल्टोची एक जागा रिकामी आहे, हवी तर परत घे. मी म्हटलं, ती त्या मुलीला द्या, तोवर तिची तयारी करून घेऊ. मला टेनरला नवा पट्टा हवाय, खांद्यांवरून जाणारा. आणि रीड, अडीच नंबर, पूर्ण डबा. चुलतभाऊ शुक्रवारी मुंबईला जातोय, पैसे त्याच्याकडे दिले.