अंगाला कळतं ते

आश्विन सरत येतो, हवेतली ओल आटते, ओठ फुटतात, टाचा खरखरीत होतात आणि नेमकी त्याच सुमाराला नरक चतुर्दशीची पहाट उजाडते. वाटीत तिळाचं तेल कोमट होतं. उटण्याच्या पुडीतून नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कपूरकाचरी यांचा वास सुटतो. एरवी घाईघाईने दोन तांबे अंगावर ओतून बाहेर पडणारा माणूसही त्या दिवशी पाटावर बसून निवांत पाठ चोळून घेतो. यात आरोग्य किती, सण किती आणि घरच्या हाताचा स्पर्श किती, याची वाटणी कुणी करत नाही, करूही नये. तेलाने कातडी मऊ पडते, भरड उटण्याने मळ निघतो, ऊन पाण्याने आखडलेले खांदे सैल होतात. ज्याच्या अंगावर हे घडतं त्याला ते तिथल्या तिथे कळतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही आणि जाहिरात तर मुळीच लागत नाही.

घोटाळा होतो तो यापुढच्या वाक्यात. हेच तेल संधिवात मुळापासून काढतं, हाच काढा प्रतिकारशक्ती वाढवतो, रोज सकाळी दुधीचा रस घेतला की रक्तदाबाची गोळी सुटते. सांगणारा प्रामाणिक असतो, अनुभवाने बोलत असतो आणि म्हणूनच त्याच्यापुढे बोलणं अवघड जातं. माझं म्हणणं एवढंच की माणूस आपल्या सुखाचा उत्तम साक्षीदार असतो. आपण बरे का झालो, या प्रश्नावर मात्र त्याची साक्ष धरता येत नाही. त्याच्या सचोटीबद्दल इथे शंका नाही. कातडीला जाणीव आहे, यकृताच्या आत चाललेल्या कामाची जाणीव कुणालाच नसते. रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला असतो आणि माणूस खुशाल गात असतो. जिथे जाणीवच पोचत नाही, तिथली बातमी 'मला बरं वाटतंय' या वाक्यातून कशी मिळणार?

स्वतःच्या देहावर आणि घरच्यांवर उपचारांचे प्रयोग करणारा गांधीजींइतका चिकाटीचा माणूस आपल्याकडे दुसरा सापडणार नाही. जर्मन निसर्गोपचारक लुई कूने यांच्या पुस्तकातली कटिस्नानं, पोटावर मातीची पट्टी, उपास, फळांचा आहार, सगळं त्यांनी करून पाहिलं. आत्मकथेत त्यांनी मुंबईतल्या मुक्कामाची एक हकीकत दिली आहे. दहा वर्षांच्या मणिलालला टायफॉइड झाला, जोडीला न्यूमोनिया, रात्री वात. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा सुचवला. गांधीजींनी तो नाकारला आणि कटिस्नानं सुरू केली. ताप १०४ पर्यंत गेला, तेव्हा मुलाला ओल्या चादरीत गुंडाळलं, वर घोंगड्या घातल्या आणि त्याला आईजवळ सोपवून स्वतः जीव मुठीत धरून चौपाटीकडे चालत निघाले. परत आले तेव्हा मुलाला घाम फुटला होता, ताप उतरू लागला होता. पुढे पाणी घातलेलं दूध आणि फळांचा रस यांवर चाळीस दिवस काढून मुलगा उठला. एखाद्या उपचाराच्या प्रचारकाने ही हकीकत इथेच संपवली असती. गांधीजी संपवत नाहीत. हे ईश्वराच्या कृपेने झालं, पाण्याच्या उपचाराने झालं की पथ्य आणि शुश्रूषेने झालं, हे कोण सांगू शकेल, असं ते स्वतःच विचारतात. श्रद्धेचा कौल ते देतात, पण पुराव्याचा प्रश्न लपवत नाहीत.

त्या प्रश्नाचं उत्तर त्या काळच्या टायफॉइडमध्ये आहे. प्रतिजैविकं येण्याआधी या तापाने शंभरांतले दहा ते वीस रोगी दगावत. म्हणजे उरलेले ऐंशी ते नव्वद काहीही केलं तरी, किंवा काहीच न केलं तरी, बरे होत. तीन-चार आठवड्यांनी ताप आपोआप उतरे. त्या ऐंशी-नव्वदांपैकी प्रत्येकाच्या घरी उपचाराची एक गोष्ट जन्माला येई. दगावलेल्यांच्या घरी मागे उरे तो फक्त शोक, आणि शोकाची गोष्ट कुणी शेजाऱ्याला नुस्खा म्हणून सांगत नाही. अनुभवांच्या बाजारात नेहमी एकाच बाजूचे साक्षीदार हजर असतात ते यामुळे. शिवाय बहुतेक दुखणी चढउताराची असतात. सर्दी, पाठदुखी, मुरुमं, खाज, केस गळणं, ही सगळी वाढतात तशी ओसरतात. माणूस उपाय शोधायला निघतो तो त्रास टोकाला गेल्यावर. टोकानंतर उतारच असतो, आणि त्या उताराचं श्रेय हाताशी असलेल्या बाटलीला मिळतं. (१९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मातीच्या पट्टीवर विश्वास असलेल्या माणसाने शस्त्रक्रियेला होकार दिला, यात मला तरी विसंगती दिसत नाही. दुखणं कुठलं, हे पाहून ठरवणं यालाच मी शहाणपण म्हणेन.)

'पण मला खरंच बरं वाटलं, ते काय खोटं?' हा आक्षेप येतोच, आणि तो रास्त आहे. १७८४ साली पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या वैद्याच्या 'चुंबकीय' उपचारांची चौकशी झाली. राजाने नेमलेल्या मंडळात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिन यांच्या बागेतल्या एका झाडाला मेस्मरच्या शिष्याने शक्ती भरली आणि डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला एकेका झाडापाशी नेलं. मुलाला घाम आला, खोकला आला आणि चौथ्या झाडाखाली तो बेशुद्ध पडला. भारलेलं झाड दुसरीकडेच होतं. आता त्या मुलाचं बेशुद्ध पडणं खोटं होतं का? मुळीच नाही. देहाला जे झालं ते खरं होतं, त्याचं सांगितलेलं कारण खोटं होतं. अपेक्षेनेही दुखणं हलकं होतं. तासभर ऐकून घेणारा वैद्य, मालिश करणाऱ्या बाईचे जाणते हात, मंद दिवा आणि वाळ्याचा वास यांनी माणूस निवतो. पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून पुढच्याला हाक मारणाऱ्या दवाखान्यांनी या गरजेकडे पाठ फिरवली आहे, हे कबूल करायलाच हवं. मात्र निवणं म्हणजे रोग जाणं नव्हे. निवण्यासाठी पैसे मोजणाऱ्याला कुणी हसू नये; पण निवण्याच्या दुकानात रोगमुक्ती विकली जात असेल, तर तिचा हिशेब मागायला संकोच कसला?

दुसरा आक्षेप परंपरेचा. हजारो वर्षांचा अनुभव चूक कसा असेल? या प्रश्नाला मुंबईनेच एक सुंदर उत्तर दिलेलं आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वेड, निद्रानाश, सर्पदंश अशा कितीतरी गोष्टींवर दिली जाई. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो असं नोंदवलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या ५० रुग्णांना दिली, मोजमापं घेतली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. मग सगळ्या जगाने मुळीची दखल घेतली. पुढे तिच्यातून काढलेल्या द्रव्याने काही रुग्णांना गंभीर नैराश्य येतं असा इशाराही डॉक्टरांनी दिला. परंपरेचा याहून मोठा सन्मान कोणता? परंपरेने कुठे शोधायचं ते सांगितलं. त्या लांबलचक यादीतलं काय खरं, किती मात्रेत, कुणाला घातक, हे मोजणीने ठरवलं. वकिलांनी मुळी स्वतः चघळून बरं वाटतंय का पाहिलं असतं, तर रक्तदाबाबद्दल कुणालाच काही कळलं नसतं.

'निदान अपाय तर नाही' हा तिसरा आक्षेप सर्वांत लाडका आणि सर्वांत कच्चा. करोनाच्या पहिल्या वर्षात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला इजा झालेले आढळले. पुढे देशातल्या अनेक केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद झाली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल. ही हरकत मान्य केली, तर धोका वाढतोच. दोन वेलींतला फरक ओळखणं इतकं नाजूक असेल, तर कुंपणावरची वेल तोडून पातेल्यात टाकणाऱ्याने तो कसा ओळखावा? ज्या दुधीच्या रसाने गोळी सुटायची, तो दुधी कडू निघाला तर जिवावर बेतू शकतं. सौंदर्याच्या बाबतीत हा धोका आणखी गोंडस रूप घेतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ दरम्यान मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतल्या १५ जणांत त्या आजाराचा एक ठरावीक प्रकार निघाला आणि त्यांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. अशा अनेक क्रीममध्ये पारा असतो. पाऱ्याने रंग उजळतो हे खरंच आहे, आरसा खोटं सांगत नाही. मूत्रपिंड मात्र आरशात दिसत नाही.

माजी पंतप्रधान मोरारजी देसाई शिवांबू, म्हणजे स्वतःचं मूत्र, घेत आणि ९९ वर्षं जगले, हे उदाहरण अजूनही हुकमी पान म्हणून टाकलं जातं. ते शाकाहारी होते, दारूपासून दूर होते, काटेकोर दिनचर्येचे होते. एवढ्या कारणांतून एकच निवडून त्याच्या गळ्यात ९९ वर्षांची माळ घालायची, तर निवड आवडीने होते, पुराव्याने नाही.

मग घरी प्रयोग करूच नयेत का? जरूर करावेत. तेल, उटणं, शिकेकाई, ओव्याची पुरचुंडी, वाफारा, जिथे अंगाला स्वतः कळतं तिथे मनसोक्त करावेत. पोटात जाणारं काही असेल तर मात्र एका वेळी एकच गोष्ट घ्यावी, वहीत तारीख घालावी, आणि रक्तदाब किंवा साखर असेल तर मापून आकडा लिहावा. चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. आणि एक विनंती. डॉक्टर 'कुठली औषधं चालू आहेत' असं विचारतात, तेव्हा घरचा म्हणून काढ्याचं, आणि लाज वाटते म्हणून क्रीमचं नाव सांगायचं आपण टाळतो. ती दोन्ही नावं डॉक्टरांना सांगा.