पातळ

'पातळ' या शब्दाला आमच्या घरात दोनच अर्थ. एक, मी आणलेल्या दुधाचा दर्जा, दुसरा, सौ.ला दर दिवाळीला हवं असलेलं वस्त्र. त्यामुळे पुण्याचा भाचा हिंगोलीला आल्या आल्या म्हणाला, "मामी, सध्या मी पातळाच्याच मागे आहे," तेव्हा सौ.चा चेहरा उजळला. त्यानं बॅगेतून काढला मात्र पत्रा!

हा पत्रा इंधन-घटातला. मी पडलो मराठीचा निवृत्त मास्तर. समजलं तेवढं सांगतो. पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा. वीज तयार होते नि उरतं पाणी. एका घटाची वीज एका व्होल्टाच्याही आतली. म्हणून पापडांसारखी घटांची चळत लावायची आणि प्रत्येक दोन घटांमध्ये एक पत्रा ठेवायचा. त्यावर वायू खेळायला बारीक पन्हळी. पत्रा जाड असला की सगळी चळत जड. २०२० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सीएसआयआर आणि केपीआयटी कंपनीनं हायड्रोजनवरची मोटार चालवून पाहिली. अतिपातळ धातूच्या पत्र्यांनी तिच्या चळतीचं वजन सुमारे दोन तृतीयांश घटलं होतं म्हणे. (माझ्या बाबतीत सौ.चे असेच प्रयत्न फार आधीपासून चालू आहेत. यश नाही.)

भाच्याचा पत्रा जेमतेम एक दशांश मिलिमीटरचा, आणि पन्हळीच्या कोपऱ्यात फाटलेला. थोडक्यात, नापास. विद्यार्थी नापास झाला की मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी घंगाळाचा पोचा काढायला आम्ही बाजारातल्या म्हाताऱ्या तांबटाकडे गेलो. भाच्यानं सहज तो पत्रा पुढे केला. म्हाताऱ्यानं त्यावरून अंगठा फिरवला.

"जोरानं दाबलं की फाटायलंय, अन् हळू दाबलं की परत उठायलंय. असंच ना?"

भाचा बघतच राहिला. सहा महिने त्याची झोप उडवणारी गोष्ट ती हीच!

"एका दणक्यात भांडं होत न्हाई, दादा. धातूला थोडं थोडं सरकवावं लागतंय."

भाच्यानं वही काढली. दोन-तीन टप्प्यांत दाबायचं, पहिल्या टप्प्यात कोपरे गोल ठेवायचे, असं काहीबाही तो लिहू लागला. वर्गात माझं बोलणं इतक्या तत्परतेनं कुणी उतरवून घेतल्याचं स्मरत नाही.

निघताना म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्याला ठोकायला मानूस लागंल का? नातू रिकामाच हाय."

भाचा चाचरला. "साचा असतो, बाबा. यंत्र दाबतं."

"बरं," म्हणून म्हाताऱ्यानं पुन्हा हातोडी उचलली. ठोके मात्र जरा सावकाश पडू लागले.

वाटेत आम्ही दोघंही गप्प होतो. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, त्या नातवाला साचे बनवायला शिकवलं तर?"

"आधी आजोबांकडून तू शीक," मी म्हणालो. सवय, दुसरं काय!

दारातच सौ.नं अडवलं. "पत्र्याचं झालं ना? आता माझ्या पातळाचं बोला."

ते मात्र एकाच टप्प्यात करावं लागलं.